दारू सोडवणारा डॉक्टर कुठं मिळतो?

मागच्या महिन्यात बचत गटाच्या हिशोबावरचं आमचं बोलणं रेडिओवर लागलं, तेव्हा व्याजाबद्दल विचारायला चार फोन येतील असं आम्हाला वाटलं होतं. एकच आला आणि तोही व्याजाचा नव्हता. पलीकडून एक बाई अगदी हळू आवाजात म्हणाल्या, "ताई, घरात कोण न्हाई म्हणून बोलते. दारू सोडवणारा डॉक्टर आपल्या तालुक्यात कुठं मिळतो, एवढंच सांगा." आम्ही सांगायला तोंड उघडलं आणि लक्षात आलं, की याचं उत्तर एका ओळीत देता येत नाही. म्हणून त्या ताईंना आणि त्यांच्यासारख्या फोन न केलेल्या सगळ्यांना आज सावकाश सांगतो.

आम्ही माण तालुक्यात बचत गटांचं काम बघणाऱ्या बायका. डॉक्टर नाही, समुपदेशकही नाही. जे सांगणार आहोत ते डॉक्टरांकडून ऐकून, कागद वाचून आणि एकदा मोठी चूक करून शिकलो. ती चूक आधी सांगतो.

आमच्या एका गटातल्या ताईचे मालक ट्रॅक्टरवर कामाला होते. सकाळी उठल्यावर हात कापायचे, घोटभर पोटात गेली की थांबायचे. ताईचे गटाचे हप्ते थकले तेव्हा आम्ही सगळ्या मिळून त्यांच्या घरी गेलो. त्यांना ग्रामदैवताचा गुलाल उचलायला लावला, शपथ घ्यायला लावली आणि "आजपासून थेंब नाही" असं वदवून घेतलं. वर ताईला सांगितलं, की चार दिवस घराबाहेर सोडू नको. मोठा पराक्रम केल्यासारख्या परत आलो.

पहिल्या दिवशी त्यांना दरदरून घाम आला. दुसऱ्या रात्री फिट आली. घरच्यांनी चप्पल हुंगवली, कांदा फोडून नाकाला लावला, फिट थांबली. तिसऱ्या रात्री त्यांना भिंतीवर मुंग्या दिसायला लागल्या, गोठ्याजवळ कोणीतरी उभं आहे म्हणून ओरडायला लागले, स्वतःच्या मुलाला ओळखेनात. सासूबाई म्हणाल्या, "बाहेरचं हाय, मी सांगत हुते." देवऋषाकडं न्यायला मोटारसायकल काढली होती. शेजारच्या आशाताई आवाज ऐकून आल्या, त्यांनी १०८ ला फोन केला, आणि गाडी देवऋषाऐवजी ग्रामीण रुग्णालयात गेली. तिथं डॉक्टरांनी पहिलाच प्रश्न विचारला, "शेवटची दारू कधी घेतली?" आमच्यापैकी कुणाच्याच डोक्यात हा प्रश्न आला नव्हता. पुढं साताऱ्याला सिव्हिलला आठवडाभर राहावं लागलं. ते वाचले. पण आमच्या पराक्रमामुळं एक बाई विधवा व्हायची राहिली होती, हे आम्ही विसरलेलो नाही.

नंतर डॉक्टरांनी आम्हाला बसवून समजावलं. रोज भरपूर दारू पिणाऱ्या माणसाच्या मेंदूला दारूची सवय झालेली असते. दारू मेंदूला दाबून ठेवते, म्हणून मेंदू आतून जास्त जोर लावत राहतो. दारू एकदम काढून घेतली की तो जोर तेवढाच उरतो आणि उसळतो. सहा-आठ तासांत हात कापणं, घाम, मळमळ, झोप न लागणं सुरू होतं. फिट येण्याची भीती पहिल्या दोन दिवसांत जास्त असते. त्यानंतर, साधारण दोन ते चार दिवसांच्या दरम्यान, काही जणांना भास होतात, ताप चढतो, दिवस-रात्र कळेनाशी होते. यात उपचार न मिळाल्यास जीव जाऊ शकतो. आपल्याकडं याच तिसऱ्या रात्रीला लागीर म्हणतात, बाधा म्हणतात, आणि उताऱ्यात नेमके महत्त्वाचे तास जातात.

म्हणून बायांनो, सगळ्यात आधी हे लक्षात ठेवा. रोज पिणारा, सकाळी हात कापणारा, पूर्वी कधी फिट आलेला, कावीळ झालेला किंवा वयस्कर माणूस असेल, तर दारू बंद करण्याचा दिवस डॉक्टरला विचारून ठरवायचा. हे चार-पाच दिवस डॉक्टर गोळ्या देऊन मेंदूचा जोर शांत करतात आणि तो डोस हळूहळू कमी करत बंद करतात. सोबत बी-वन जीवनसत्त्व देतात, कारण पिणाऱ्याच्या अंगात ते फार कमी झालेलं असतं. आपल्याकडं माणूस गळला, की जवळच्या दवाखान्यात ग्लुकोजची सलाईन लावून आणायची पद्धत आहे. पिणाऱ्या माणसाला बी-वन न देता नुसती साखरेची सलाईन लावली तर मेंदूला इजा होऊ शकते. म्हणून तिथं स्पष्ट सांगा, "हे रोज पितात, बी-वन द्यायचं आहे का बघा." लाजू नका. डॉक्टरला खरं कळलं नाही तर तो तरी काय करणार?

माळेबद्दल आम्हाला बऱ्याचदा विचारतात. पंढरपूर आपल्याला जवळ, त्यामुळं तुळशीची माळ घालून दारू सोडलेले लोक प्रत्येक गावात आहेत. त्या माळेचा आम्हाला आदरच आहे, आमच्यातल्या दोघींच्या घरी तिनंच संसार सावरला. फक्त माळ घालायच्या आधी दवाखान्यात जाऊन या, एवढंच आमचं म्हणणं.

आता मूळ प्रश्न, जायचं कुठं. आपल्याला वाटतं व्यसनमुक्ती म्हणजे पुण्या-मुंबईचं एखादं मोठं केंद्र, महिनाभर राहायचं आणि हजारो रुपये भरायचे. तसं काहींना लागतं, सगळ्यांना लागत नाही. सुरुवात गावातच होते. आशाताईंना किंवा आरोग्य उपकेंद्रातल्या समुदाय आरोग्य अधिकाऱ्यांना विचारायचं, की आपल्या भागात मनोविकार तज्ज्ञ कुठल्या दिवशी बसतात. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम नावाचा सरकारी कार्यक्रम आहे. त्यातले डॉक्टर आणि समुपदेशक जिल्हा रुग्णालयात असतात आणि ठरावीक वारी ग्रामीण रुग्णालयांना भेट देतात. हा वार दर ठिकाणी वेगळा असतो आणि बदलतोही, म्हणून निघण्याआधी फोन करा. आम्ही एकदा न विचारता गेलो आणि दोन एसट्या बदलून बंद दाराला हात लावून परत आलो. आमचं निदान अर्धं तिकीट होतं, सोबतच्या दादांचं पूर्ण गेलं.

केसपेपर काढताना खिडकीपाशी मोठ्यानं "दारूचा पेशंट" म्हणायची गरज नाही. "मानसिक आरोग्य विभाग" म्हटलं तरी चालतं. साताऱ्याच्या सिव्हिलला तोच विभाग विचारायचा. ठाणे, पुण्यातलं येरवडा, नागपूर आणि रत्नागिरी इथं सरकारची प्रादेशिक मनोरुग्णालयं आहेत, तिथंही व्यसनावर उपचार होतात. येरवडा म्हटलं की लोक हसतात, म्हणून कुणी जात नाही. हसणाऱ्यांच्या घरात कोण पितं ते आम्हाला माहीत असतं, पण ते असो.

घरातून बाहेर पडणंच शक्य नसेल तर फोन आहे. १४४१६ हा 'टेलिमानस'चा नंबर. २०२२ साली सुरू झाला, चोवीस तास चालतो, पैसे लागत नाहीत आणि मराठीत बोलता येतं. व्यसनासाठीच वेगळा राष्ट्रीय नंबर आहे, १४४४६. पिणाऱ्यानंच फोन करायला हवा असं नाही, बायकोनं, आईनं, बहिणीनं केला तरी चालतो. कुठलं सरकारी किंवा सरकारी अनुदानावरचं केंद्र जवळ आहे ते तिथं विचारा. केंद्र सरकारच्या सामाजिक न्याय खात्याच्या अनुदानावर संस्थांनी चालवलेली केंद्रं आहेत, तिथं उपचाराचा खर्च पडत नाही. हे माहीत नसल्यामुळं लोक शेळ्या विकून खासगीत जातात.

आता संस्थांचं. आपल्या साताऱ्यात 'परिवर्तन' ही संस्था व्यसनमुक्तीचं काम करते, ती डॉ. नरेंद्र दाभोलकरांनी सुरू केली. पुण्यात 'मुक्तांगण' आहे. गर्दचं, म्हणजे ब्राऊन शुगरचं व्यसन पसरत होतं त्या काळात, १९८६ साली, डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी ते उभं केलं. पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे यांच्या देणगीची त्याला मदत होती. तिथं महिन्याहून थोडं अधिक राहावं लागतं. आम्हाला त्यातली आवडलेली गोष्ट म्हणजे तिथं पिणाऱ्याच्या बायकोचाही विचार होतो. तिच्यासाठी 'सहचरी' नावाचा वेगळा गट आहे. इतकी वर्षं तिनं काय सोसलं ते कुणीतरी तिला विचारतं. व्यसन असलेल्या बायांसाठीही तिथं 'निशिगंध' नावाचा वेगळा विभाग आहे. हो, बायाही पितात. त्या उपचाराला येत नाहीत, कारण पुरुष पितो तेव्हा शेजारी हळहळतात आणि बाई पिते तेव्हा थुंकतात.

एक अनुभव नाव न घेता सांगावाच लागेल. आमच्या ओळखीच्या एका घरानं मुलाला एका खासगी केंद्रात ठेवलं. जाहिरात झकास होती. महिनाभर भेटू दिलं नाही, फोन दिला नाही. मुलगा परत आला तो पाठीवर वळ घेऊन. पैसे गेले ते गेलेच, मुलगा आता डॉक्टर म्हटलं की घरातून पळतो. त्यानंतर आम्ही ठरवलं, की कुठल्याही केंद्रात माणूस ठेवण्याआधी गटातल्या दोघींनी जाऊन बघून यायचं. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यात दारू आणि नशेमुळं होणारे मनाचे आजारही येतात. अशा केंद्राची राज्य मानसिक आरोग्य प्राधिकरणाकडं नोंदणी लागते. माणसाला साखळीनं बांधायला मनाई आहे, आणि त्याची इच्छा नसताना ठेवायचं तर त्याला ठरलेली पद्धत आहे, नुसतं गाडीत कोंबून नेता येत नाही. म्हणून नोंदणीचा कागद दाखवा म्हणायचं. मनोविकार तज्ज्ञ कुठल्या दिवशी येतात, रात्री फिट आली तर कोण बघतं, घरच्यांना भेटता येतं का, घरी सोडल्यावर पुढं काय, हे विचारायचं. उत्तर देताना जो माणूस चिडतो, त्याच्याकडं आपला माणूस सोपवायचा नाही. "शंभर टक्के गॅरंटी" म्हणणाऱ्याकडं तर नाहीच.

गॅरंटीवरून आठवलं. एसटी स्टँडच्या भिंतीवर लिहिलेलं असतं, पेशंटला न कळता दारू सोडवा. चहातून, आमटीतून द्यायची पूड. आमच्या गटांत किती जणींनी ती मागवली असेल ते त्यांनाच माहीत, कारण हे कुणी कबूल करत नाही. अशा पुडीत काय असतं ते आपल्याला सांगता येत नाही. डायसल्फिरॅम नावाचं खरं औषध आहे, ते घेतल्यावर दारू प्यायली तर चेहरा लाल होतो, छाती धडधडते, ओकाऱ्या होतात, रक्तदाब कोसळू शकतो. डॉक्टर ते तपासण्या करून आणि त्या माणसाला सगळं सांगून, त्याच्या मर्जीनंच देतात. बंद केल्यावरही त्याचा असर काही दिवस, कधी दोन आठवडेही राहतो. हे चोरून आमटीत घातलं आणि त्यानं बाहेर जाऊन क्वार्टर मारली, तर त्याला आणि त्याच्या डॉक्टरला काय झालं तेच कळणार नाही. नवऱ्याला फसवून औषध देणाऱ्या बाईचं मन आम्हाला समजतं. तिनं सगळं करून पाहिलेलं असतं. तरी नको.

ज्यांना राहून उपचार लागत नाहीत त्यांचं काय? ज्याचं पिणं वाढलंय पण अजून सकाळी हात कापत नाहीत, अशांसाठी नुसतं नीट बोलणंही कामाला येतं. गोव्यात 'संगाथ' संस्थेनं प्राथमिक आरोग्य केंद्रांमध्ये गावातल्याच साध्या, शिकवून तयार केलेल्या समुपदेशकांकडून अशा पुरुषांशी मोजक्या भेटींत बोलणं करून पाहिलं. त्याचा फायदा झाल्याचं २०१७ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं. गडचिरोली जिल्ह्यात १९९३ पासून दारूबंदी आहे. डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेचा सहभाग असलेल्या 'मुक्तिपथ' अभियानानं तिथं २०१६ पासून तालुक्याच्या ठिकाणी क्लिनिक आणि गावात उपचार शिबिरं घेतली. म्हणजे उपचार गावात येऊ शकतो. आपल्याकडं उभी बाटली-आडवी बाटलीच्या मतदानाला आपण सगळ्या हिरिरीनं गेलो. दुकान बंद झालं त्या दिवशी पेढे वाटले, पण त्या रात्री ज्यांचे हात कापत होते त्यांच्यासाठी डॉक्टर बोलावला नाही. पुढच्या वेळी दुकान आणि डॉक्टर, दोन्हींचा अर्ज एकत्र द्यायचा असं आम्ही ठरवलंय.

तरुण पोरांकडं आता दारूपेक्षा वेगळ्या वस्तू येतात. गांजा, खोकल्याचं औषध, झोपेच्या गोळ्या, पंक्चरचं सोल्यूशन. वास येत नाही म्हणून आईला उशिरा कळतं. त्यातल्या झोपेच्या गोळ्या रोज घेणाऱ्याच्याही एकदम बंद केल्या तर दारूसारखीच फिट येऊ शकते, म्हणून तिथंही डॉक्टर आधी. आयांना पोलिसांची भीती वाटते. एनडीपीएस कायद्यात कलम ६४ अ आहे. स्वतः नशा करणारा किंवा अगदी थोडा माल सापडलेला माणूस सरकारमान्य ठिकाणी स्वतःहून उपचार घ्यायला तयार झाला, तर त्याला खटल्यापासून सूट मिळण्याची सोय त्यात आहे. दवाखान्यात गेलं म्हणजे बेड्या पडतात, असं नाही.

(मध्येच एकीनं विचारलं, आपल्या मिश्रीचं काय? तिचाही नंबर आहे, १८००-११-२३५६, तंबाखू सोडण्यासाठी. आमच्यातल्या एकीनं तो लिहून घेतलाय. लावलेला अजून नाही.)

देशभरात २०१९ साली एक सरकारी पाहणी प्रसिद्ध झाली, दिल्लीच्या एम्सनं केलेली. दारूच्या पूर्ण आहारी गेलेल्या ३८ जणांमागं जेमतेम एकाला कसला ना कसला उपचार मिळाला होता. आपल्या गावात अशी ३८ घरं मोजा. बाकीच्या ३७ घरांतल्या बाईला काय वाटत असेल ते सांगायला आम्हाला आकडा लागत नाही.

तिला शरम वाटते. आमच्या त्या ट्रॅक्टरवाल्या दादांच्या उपचारासाठी गटानं अंतर्गत कर्ज दिलं तेव्हा इतिवृत्तात काय लिहायचं यावर पाऊण तास गेला. शेवटी "किराणा" असं लिहिलं. दुसऱ्या महिन्यात ताईंनीच ती ओळ खोडायला लावली. म्हणाल्या, "किराणा म्हणून एवढं कर्ज दिसलं तर लोक म्हणतील ही खाते किती." तिथं आता "आजारपण, उपचार" असं आहे. हे कर्ज कुठल्याही गटाला देता येतं. पैसे मात्र पिणाऱ्याच्या हातात द्यायचे नाहीत, बिल भरायला गटातली एक जण सोबत जाते.

आणि मारहाण होत असेल तर डॉक्टरची वाट बघायची नाही. ११२ किंवा १८१ ला फोन करा. त्याचा आजार खरा आहे, म्हणून तुमचं डोकं फुटलेलं चालेल असं नाही. उपचाराला सोबत जाण्याचं काम बायकोवरच टाकू नका, भावानं जावं, मित्रानं जावं.

परत आलेल्या माणसाला लगेच बाजाराला पाठवू नका, लग्नातल्या मांडवाच्या मागच्या बाजूला बसवू नका. डॉक्टरांच्या तारखा वर्षभर तरी पाळायच्या. जिथं जमेल तिथं अल्कोहोलिक्स अॅनॉनिमसच्या मीटिंगला पाठवा. १९३५ साली अमेरिकेत सुरू झालेली ही रीत आहे, पिणं सोडलेले लोकच एकमेकांना धरून ठेवतात, फी नाही, नाव सांगायची सक्ती नाही. घरच्यांसाठी अल-अनॉनच्या वेगळ्या मीटिंगा असतात. सगळ्यात जवळची मीटिंग कुठं भरते ते दवाखान्यातल्या समुपदेशकांना माहीत असतं.

पुन्हा पिणं होतं. आमचे दादा पाच महिने कोरडे राहिले आणि शिखर शिंगणापूरच्या यात्रेत पुन्हा प्यायले. सासूबाई म्हणाल्या, झालं, पैसे पाण्यात. आम्हालाही रात्रभर तसंच वाटलं. डॉक्टर मात्र म्हणाले, "साखरेच्या पेशंटची साखर वाढली तर तुम्ही त्याला घराबाहेर काढता का? परत या." यावेळी कुणी शपथ घातली नाही. सोमवारी सकाळी ताईंनी आम्हाला फोन केला, की ते स्वतःच अंघोळ करून, फाईल पिशवीत घालून स्टँडवर जाऊन बसलेत, आणि वार चुकीचा आहे, मंगळवारी जायचंय, तर आता त्यांना घरी कसं आणू.